शेतकऱ्यांना शिकवायला आलेले साहेब शेतकऱ्यांचेच विद्यार्थी झाले, आणि जगाला मिळाली कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’

कृषी डिप्लोमा करणाऱ्या कोणत्याही पोराला विचारा, कंपोस्ट खत करायच्या पद्धती किती? तो पाठ केलेलं घडाघडा सांगेल. इंदूर पद्धत, बंगलोर पद्धत, नाडेप पद्धत. पेपरात हमखास येणारा प्रश्न आहे हा.

बंगलोर आणि नाडेपचं नंतर बघू. पण या यादीत इंदूर कुठून आलं? पोहे-जिलेबी आणि सराफ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या होळकरांच्या शहराचं नाव खताच्या खड्ड्याला कुणी दिलं?

तर त्या माणसाचं नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. आज जगभर ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात, तिचा इतिहास कुणीही लिहिला तरी सुरुवातीच्या पानांवर हे नाव असतंच. आणि खरी गंमत पुढेच आहे. ब्रिटिश सरकारनं हॉवर्ड यांना भारतात आणलं होतं ते इथल्या शेतीत विज्ञान आणायला. इथला शेतकरी अडाणी, त्याला साहेब शिकवणार, असा तो सगळा बेत होता.

झालं बरोबर उलटं.

शेतकऱ्याचा मुलगा, पण हातात सूक्ष्मदर्शक

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ चा. इंग्लंडच्या श्रॉपशायर भागातलं बिशप्स कॅसल हे त्यांचं गाव. घरची शेती होती, त्यामुळे गुरं, चारा, शेणखत हे सगळं लहानपणीच बघून झालेलं. पुढे ते शिकायला केंब्रिजला गेले, तिथून निसर्गविज्ञानात पहिल्या वर्गात पास झाले आणि १८९९ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये नोकरीला लागले.

काम होतं बुरशीतज्ज्ञाचं. उसाला, कोकोला कुठला रोग पडलाय ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि बागायतदारांना उपाय सांगायचा. कागदावर नोकरी उत्तम होती. पण हॉवर्ड यांना एक गोष्ट डाचायला लागली. ते ज्या पिकावर सल्ला देत होते, ते पीक त्यांनी स्वतः कधी घेतलंच नव्हतं. त्यांच्याकडे वावभर जमीन नव्हती. स्वतःचा सल्ला स्वतःच्या शेतात करून बघायची सोयच नव्हती. रोगाचा तज्ज्ञ एका बाजूला, शेत दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये नुसते कागद.

१९०३ ला ते इंग्लंडला परत आले आणि केंट परगण्यातल्या वाय इथल्या कृषी महाविद्यालयात हॉप्सवर काम करू लागले. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेल. तिच्यात नर वेल वेगळी, मादी वेगळी. बिअरला लागतात मादी वेलीची फुलं, म्हणून बागायतदार नर वेली उपटून टाकायचे. हॉवर्ड यांनी नर वेली राहू दिल्या, परागीकरण होऊ दिलं. तर हॉप्स लवकर तयार झाले, आणि मावा नि भुरीला आधीपेक्षा चांगले तोंड देऊ लागले. उपाय म्हणून काही फवारलं नव्हतं. निसर्गाची जी रीत माणसानं मोडली होती, ती फक्त परत बसवली होती.

हा धडा छोटा होता, पण तो हॉवर्ड यांच्या डोक्यात पक्का बसला.

पुसा : ७५ एकर आणि शेजारचे ‘प्राध्यापक’

१९०५ मध्ये त्यांना भारतात बोलावणं आलं. लॉर्ड कर्झनच्या काळात बिहारमधल्या पुसा गावी मोठी कृषी संशोधन संस्था उभी राहत होती. हेन्री फिप्स नावाच्या अमेरिकन धनिकानं दिलेल्या देणगीतून तिला पैसा मिळाला होता. (दिल्लीत आज जे ‘पुसा इन्स्टिट्यूट’ आहे ते हेच. १९३४ च्या बिहार भूकंपात मूळ इमारत पडली, संस्था दिल्लीला हलली आणि जाताना गावाचं नावही सोबत घेऊन गेली.) हॉवर्ड तिथे आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले.

त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी. इथे थोडं थांबायला हवं, कारण हॉवर्ड यांच्या गोष्टीत या बाई नेहमी एका ओळीत उरकल्या जातात. गॅब्रिएल केंब्रिजच्या होत्या आणि लग्नाआधीच नाव कमावलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. प्रकाश आणि तापमान यांचा पानाच्या अन्न तयार करण्यावर काय परिणाम होतो, यावरचं ब्लॅकमन यांच्या प्रयोगशाळेतलं त्यांचं काम आजही त्या विषयाच्या इतिहासात सांगितलं जातं. पुसाला आल्यावर त्या नवऱ्याच्या बरोबरीनं शेतात उतरल्या. सरकारनं त्यांना आधी नवऱ्याची मदतनीस म्हणून पद दिलं आणि १९१३ मध्ये कुठे स्वतंत्र शास्त्रज्ञ म्हणून नेमलं. पुढची पंचवीस वर्षं दोघांचं काम वेगळं काढून दाखवणं कठीण आहे.

पुसाला हॉवर्ड यांच्या वाट्याला ७५ एकर जमीन आली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातात शेत. आता यात काय करायचं?

दुसरा कुणी असता तर त्यानं युरोपातून औषधांच्या बरण्या मागवल्या असत्या. हॉवर्ड आजूबाजूची शेतं बघत हिंडायला लागले. आणि त्यांना दिसलं की पुसाच्या भोवतालच्या गावांत पिकांवर कीड-रोग जवळजवळ नाहीत. शेतकरी औषध मारत नाही, रासायनिक खत टाकत नाही, तरी पीक ठणठणीत. मग त्यांनी ठरवलं की आपण या लोकांचंच बघून शिकायचं. कीड आणि रोग यांनाही त्यांनी गुरुस्थानी बसवलं. कीड पडली म्हणजे ती मारायची घाई करायची नाही, आपल्या शेतीत कुठे चुकतंय ते ती सांगतेय असं समजायचं. शेतकरी आणि कीड या दोघांना ते आपले प्राध्यापक मानत.

भारतीय शेतकऱ्याला मान देणारे हॉवर्ड हे पहिले साहेब नव्हते, हेही सांगायला पाहिजे. व्होल्कर नावाच्या शास्त्रज्ञाला सरकारनं १८८९ मध्ये इथली शेती तपासायला पाठवलं होतं, आणि १८९३ च्या अहवालात त्यानंही लिहिलं होतं की इथल्या शेतकऱ्याला सुधारायला निघण्यापूर्वी जरा त्याचं काम बघा. पण अहवाल लिहून परत जाणं वेगळं, आणि त्या शेतकऱ्याच्या बांधाला बांध लावून शेती करणं वेगळं.

बेवड : जे आजीला माहीत होतं ते युरोपला १८८८ ला कळलं

हॉवर्ड यांना सगळ्यात जास्त भुरळ घातली ती इथल्या पीक फेरपालटीनं.

आपल्याकडे जुनी माणसं ‘बेवड’ हा शब्द वापरतात. आधीच्या पिकानं जमिनीला काय देऊन ठेवलंय, ते म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, भुईमुगाचा बेवड चांगला, असं गावाकडे सर्रास बोललं जातं. उत्तर भारतातला शेतकरीही तेच करत होता. गव्हासोबत हरभरा, ज्वारीसोबत तूर. एका हंगामात धान्य, तर दुसऱ्यात कडधान्य. नुसतं एकच पीक एका जागी वर्षानुवर्षं घेणारा शेतकरी हॉवर्ड यांना क्वचितच दिसला.

यामागचं विज्ञान असं. तूर, हरभरा, मूग, उडीद या द्विदल पिकांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींमध्ये जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. पीक निघाल्यावर मुळं, गाठी आणि गळालेला पाला यांतून थोडा नत्र जमिनीत राहतो, तो पुढच्या पिकाला मिळतो. ही गोष्ट युरोपातल्या शास्त्रज्ञांनी पक्की सिद्ध केली १८८८ च्या सुमारास, हेलरीगेल आणि विलफार्थ या दोन जर्मनांनी. तोपर्यंत तिकडे यावर वाद चालू होता. इकडे शेतकरी शतकानुशतकं कडधान्याची पाळी न चुकता लावत होता. त्याला जिवाणू माहीत नव्हता, पण बेवड माहीत होता.

हॉवर्ड दांपत्याला यात आणखी एक गोष्ट दिसली, जी नत्राच्या हिशोबात येत नाही. तुरीचं सोटमूळ खूप खोल जातं. घट्ट जमीन फोडतं. पीक काढल्यावर ते मूळ कुजतं आणि जमिनीत पोकळ्या राहतात. त्यातून हवा आत जाते.

मातीतली हवा हा या दोघांचा आयुष्यभराचा ध्यास होता. पुसाला त्यांनी तागाचं हिरवळीचं खत गाडून बघितलं, तेव्हा एका ठिकाणी फायदा तर दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही, असा अनुभव आला. खोदून बघितल्यावर कळलं की पाणी जिथे साचून राहतं तिथे तागाचं नीट खत होतच नाही. निळीच्या पिकाची मर बघितली, तर तिथेही पाण्यानं गुदमरलेली मुळं सापडली. मराठी शेतकऱ्याला हे ‘वाफसा’ या एका शब्दात कळेल. मातीत ओल आणि हवा दोन्ही हव्यात, त्यातली एक कमी पडली की पीक बसतं.

गहू गाजला, पण हॉवर्ड समाधानी नव्हते

बाहेरच्या जगात या जोडप्याचं नाव झालं ते गव्हामुळे. त्यांनी निवड आणि संकर करून काढलेले ‘पुसा ४’, ‘पुसा १२’ असे वाण लाखो एकरांवर गेले, प्रदर्शनांत बक्षिसं मिळाली. उन्हाळ्यात दोघं क्वेट्ट्याला जायचे, तिथे फळबागांवर आणि कमी पाण्याच्या गव्हावर काम चालायचं.

याच काळातली बैलांची गोष्ट प्रसिद्ध आहे. हॉवर्ड यांनी संस्थेकडे स्वतःच्या कामाच्या बैलजोड्या मागून घेतल्या. त्यांना आपल्याच शेतातला हिरवा चारा, मुरघास आणि दाणा घातला, गोठा स्वच्छ ठेवला. शेजारच्या गुरांमध्ये लाळ्या-खुरकत आली. मध्ये फक्त एक ठेंगणं कुंपण. आजारी गुरं आणि हॉवर्ड यांचे बैल नाकाला नाक लावताना त्यांनी स्वतः बघितलं. लस टोचलेली नव्हती. तरी त्यांच्या बैलांना रोग लागला नाही. हॉवर्ड यांनी त्यातून निष्कर्ष काढला की सुपीक जमिनीतला चारा खाणारं जनावरच रोगाला तोंड देतं. एका गोठ्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. लाळ्या-खुरकत विषाणूमुळे होते आणि तिच्यावर लस हाच उपाय आहे, हे वाचणाऱ्या प्रत्येक पशुपालकानं लक्षात ठेवावं.

पण गव्हाबद्दलचा त्यांचा दुसरा निष्कर्ष मात्र रोकडा होता. वाण बदलला की उत्पन्न थोडं वाढतं. तोच वाण कसदार जमिनीत टाकला की उत्पन्न कितीतरी जास्त वाढतं. म्हणजे नुसतं बी वाटून काम अर्धंच होतं. उलट जास्त पीक देणारं बी जमिनीतून जास्त उपसणार, मग ते परत कोण भरणार?

हा प्रश्न घेऊन पुसाला काम करणं अवघड होतं. तिथे कीटकांचं खातं वेगळं, बुरशीचं वेगळं, रसायनाचं वेगळं, जिवाणूंचं वेगळं. एकच पीक, पण त्याचे तुकडे करून पाच टेबलांवर वाटलेले. हॉवर्ड म्हणजे वनस्पतीवाले, त्यांनी मातीत हात घालणं म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत शिरणं. सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही ही अडचण समजावून सांगायची गरज नाही.

शेवटी त्यांनी ठरवलं की स्वतःची संस्था काढायची. अशी, जिथे पीक बियाण्यापासून खतापर्यंत एकाच नजरेखाली राहील.

इंदूरचा खड्डा

पैसा आला कापसातून. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीला कापसावर संशोधन हवं होतं. मध्य भारतातली संस्थानं मदतीला तयार झाली आणि होळकर दरबारानं इंदूरजवळ ३०० एकर जमीन दिली. १९२४ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. आजचं इंदूरचं कृषी महाविद्यालय याच जागेवर आहे.

माळव्याची माती म्हणजे काळी कापसाची, आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या बहिणीसारखी. पावसाळ्यात चिखल, पाणी साचून पिकं पिवळी. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा. आधी हॉवर्ड यांनी निचऱ्याची कामं काढली. मग मोर्चा वळवला खताकडे.

अडचण उघड होती. शेतकऱ्याकडे शेण असतं, पण त्याच्या गोवऱ्या होतात, कारण सरपण नाही. गोवऱ्या थापणाऱ्या बाईला नावं ठेवून चूल पेटत नाही. मग शेण कमी वापरून भरपूर खत कसं करता येईल? शेतात तर माल पडलेलाच होता. पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटं, उसाचं पाचट, तण, गळालेला पाला. हे बहुतेक जाळलं जायचं किंवा बांधावर पडून राहायचं.

हॉवर्ड यांच्यासमोर एक नमुना होता. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी चीन, जपान, कोरियात हिंडून लिहिलेलं पुस्तक १९११ मध्ये आलं होतं. तिथला शेतकरी काडीकचरा, राख, मैला, तळ्यातला गाळ असं सगळं कुजवून जमिनीला परत देतो, म्हणून ती जमीन चार हजार वर्षं टिकली, हा त्याचा विषय. दुसरीकडे इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रानं १९२१ मध्ये काड कुजवायची एक युक्ती काढली होती, पण तिच्यात विकतची रसायनं लागायची. माळव्याच्या शेतकऱ्याला ती परवडणार कशी?

आता हिशोब नीट लावायचा होता, आणि तिथे आले यशवंत वाड. संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. कुठला काडीकचरा किती घेतला, ओल किती, उष्णता किती वाढली, नत्र किती राहिला आणि किती उडाला, ही मोजमापाची बाजू वाड यांनी सांभाळली. कंपोस्टमध्ये खरा प्रश्न असतो कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणाचा. नुसत्या पऱ्हाट्या टाकल्या तर कर्ब फार, कुजायला वर्ष जाईल. नुसतं शेण आणि मूत्र टाकलं तर नत्र उडून जाईल आणि घाण वास सुटेल. सुरुवातीला नत्राच्या साधारण ३३ पट कर्ब असावा आणि कुजून तयार झाल्यावर तो १० पटीच्या आसपास यावा, असा त्यांचा ठोकताळा होता.

प्रत्यक्ष कृती अशी होती. पऱ्हाटी-तुराटीसारखा कडक माल गाडीवाटेवर पसरायचा. बैलगाड्यांची चाकं जाऊन जाऊन तो आपोआप चेचला जायचा. हिरवं तण सुकवून घ्यायचं. सगळा माल एकत्र मिसळायचा आणि रात्री गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. रात्रभरात त्यात मूत्र मुरतं. सकाळी तोच माल शेणासकट उचलून खड्ड्यात थर लावायचे. थरावर गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि चुलीतली राख भुरभुरायची. पाणी शिंपायचं. आणि आधीच्या चालू खड्ड्यातलं थोडं बुरशी चढलेलं खत घालायचं, दह्याला विरजण लावतात तसं.

खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल. जास्त खोल केला की तळाशी हवा जात नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग करायचे.

मग पलटी. पंधरवड्यानं पहिली, महिन्यानं दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. पलटी मारली की आत हवा जाते. आधी बुरशी काम करते, मग जिवाणू. खड्डा इतका तापतो की तणाचं बी मरून जातं. तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत तयार. संस्थेत ४० बैल होते आणि वर्षाला साधारण १००० गाड्या खत निघायचं. म्हणजे एका जोडीमागे ५० गाड्या. विकतचं काही नाही.

यात नवीन काय होतं? खरं सांगायचं तर सुटं सुटं बघितलं तर फार थोडं. उकिरडा गावोगाव होता. राख टाकणं माहीत होतं, गुरांखाली पाचट अंथरणंही माहीत होतं. पण आपला उकिरडा म्हणजे वर्षभर साठत जाणारा ढीग. वरचा भाग उन्हानं वाळतो, खालचा पाण्यानं सडतो, नत्र पावसात वाहून जातो. हॉवर्ड आणि वाड यांनी त्या उकिरड्याला वेळापत्रक दिलं, माप दिलं आणि मुख्य म्हणजे हवा दिली. पुसाच्या तागात जे चुकलं होतं, ते इथे बरोबर केलं.

हॉवर्ड यांना ही पद्धत स्वतःच्या नावानं खपवता आली असती. त्यांनी ज्या संस्थानात ती तयार झाली, त्याचं नाव दिलं.

१९३०

काम फळाला येत असतानाच गॅब्रिएल गेल्या. १९३० साल. वय त्रेपन्न. आदल्याच वर्षी दोघांनी मिळून इंदूरच्या प्रयोगावर पुस्तक काढलं होतं. खताच्या पद्धतीवरचं मुख्य पुस्तक, ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’, १९३१ मध्ये आलं तेव्हा मुखपृष्ठावर दोन नावं होती. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. ज्या काळात साहेबाच्या पुस्तकात हिंदी सहायकाचे आभार मानले तरी खूप, तेव्हाची ही गोष्ट आहे. पुढे जगानं हॉवर्ड लक्षात ठेवले. वाड यांचं नाव आज कंपोस्टवर बोलणाऱ्या फार थोड्यांना माहीत आहे.

त्याच १९३१ मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. गॅब्रिएल यांची धाकटी बहीण लुईस यांच्याशी त्यांनी लग्न केलं. १९३४ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली.

इंदूर पद्धत मात्र बोटीत बसून जगभर निघाली. केनियातले कॉफीचे मळे, आसाम-बंगालमधले चहाचे मळे, आफ्रिकेतली मक्याची शेतं. इथेच या गोष्टीतली खरी टोचणी आहे. पद्धत तयार झाली होती एका बैलजोडीच्या शेतकऱ्यासाठी. ती सगळ्यात वेगानं उचलली मोठ्या मळेवाल्यांनी. कारण त्यांच्याकडे मजूर होते. तीनदा पलटी, रोजची साफसफाई, उन्हाळ्यात शिंपायला पाणी, हे सगळं लहान शेतकऱ्यानं कधी करायचं? हॉवर्ड यांच्या पद्धतीत विकत काही लागत नव्हतं हे खरं, पण घाम भरपूर लागत होता.

१९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले, तेव्हा मुद्दाम या संस्थेत जाऊन त्यांनी कंपोस्टचं काम बघितलं. कचऱ्यातून खत हा तर त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय.

म्हातारपणी भांडखोर

इंग्लंडमध्ये हॉवर्ड यांचा सूर बदलला. पहिल्या महायुद्धानंतर दारूगोळ्यासाठी नत्र बनवणारे कारखाने खताकडे वळले होते, आणि शेतीचा सगळा विचार नत्र, स्फुरद, पालाश या तीन आकड्यांवर येऊन थांबत होता. १९४० मध्ये आलेल्या ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या पुस्तकात त्यांनी यावर थेट हल्ला चढवला. जंगलात कुणी खत टाकत नाही तरी जंगल उभं असतं, कारण तिथे पडलेलं पान तिथेच कुजून परत मिळतं, हा त्यांचा मुद्दा. जमिनीतून जे घेतलं ते सेंद्रिय रूपात परत द्या, हा त्यांचा नियम. झाडाच्या मुळांशी राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीबद्दल ते तेव्हा बोलत होते. आज कृषी सेवा केंद्रात ती पुडीत मिळते.

पण त्यांनी काही ठिकाणी फार ताणलंही. कंपोस्ट टाकलं की पिकाचे, जनावरांचे आणि माणसांचेही रोग जातील, असं ते ठामपणे सांगू लागले. पुरावा मागितला तर आकडेवारीच्या शास्त्रावरच चिडायचे. सेंद्रिय पदार्थानं जमिनीची जलधारण शक्ती वाढते, जिवाणू वाढतात, जमिनीतले काही रोगही दबतात, हे पुढच्या संशोधनात टिकलं. सगळे रोग जातात, हे टिकलं नाही. आजचे बहुतेक मृदाशास्त्रज्ञ सांगतील की शेणखत-कंपोस्ट आणि माती परीक्षणानुसार मोजकं रासायनिक खत, दोन्ही लागतं. हॉवर्ड यांना हे पटलं नसतं. ते मित्रांशीही भांडले. ईव्ह बाल्फर यांनी त्यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘सॉइल असोसिएशन’ उभी केली, तर हॉवर्ड त्यात गेलेच नाहीत. अमेरिकेत मात्र जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं, त्यात त्यांनी मनापासून साथ दिली.

२० ऑक्टोबर १९४७ ला हॉवर्ड वारले. भारत स्वतंत्र होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. लुईस यांनी पुढे १९५३ मध्ये त्यांच्या भारतातल्या कामावर पुस्तक लिहिलं आणि त्यात आपल्या बहिणीचा वाटा नीट मांडला.

आणि मग नाडेप

इंदूर पद्धतीतल्या घामाचा प्रश्न शिल्लकच होता. १९३९ च्या सुमारास बंगलोरला सी. एन. आचार्य यांनी वेगळी वाट काढली. खड्डा भरायचा, वरून चिखलानं लिंपायचा आणि सोडून द्यायचा. पलटी नाही. वेळ जास्त लागतो, पण मजुरी वाचते. हीच ती बंगलोर पद्धत.

दुसरं उत्तर आलं आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच ‘नाडेप’. त्यांनी जमिनीवर विटांचं टाकं बांधलं, १२ फूट लांब, ५ फूट रुंद, ३ फूट उंच. त्यात साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, दीड-पावणेदोन टन माती आणि शेण फक्त ९० ते १०० किलो. म्हणजे गोवऱ्या थापूनही खताला पुरेल इतकं. पलटी मारायचीच नाही, तर हवा आत कशी जाणार? त्यासाठी नाडेपकाकांनी भिंत बांधतानाच मध्ये मध्ये विटा सोडून चारही बाजूंना भोकं ठेवली.